विशेष कांहीं नाहीं

मैल गेले, परंतु मैलाचा दगड मात्र राहिला. १९५६ च्या कायद्यानें आपल्या देशांत दशमान मापांचा अंमल सुरू झाला आणि पुढें यथावकाश रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटरचे आंकडे रंगविले गेले. आज शाळेंत जाणाऱ्या मुलाला मैल म्हणजे किती लांब हें सांगतां येणार नाहीं. परंतु त्याच मुलाच्या वाढदिवशीं कोणी तरी काका भाषणाला उभे राहतात आणि त्याच्या आयुष्यांतल्या मैलाच्या दगडाचा उल्लेख करावयास चुकत नाहींत. मुंबईंत इंग्रजी अमदानींतले खरेखुरे मैलाचे दगड अद्यापि कोठें कोठें उभे आहेत. कोटांतल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर मोजून ते बसविले होते. रस्त्यांची उंची वाढत गेली, पदपथांवर फरशा चढल्या आणि त्यांतले कांहीं दगड गळ्यापर्यंत जमिनींत बुडाले. शेजारून माणसें रोज घाईनें जात असतात. थांबून त्यांना ओळख देणारा एखादाच.

लहान मुलें असलेल्या घरांत असे दगड हातभर अंतरावर लागतात, आणि तेथें मात्र कोणी न थांबतां पुढें जात नाहीं. मुलानें मान धरली, तें कुशीवर वळलें, पालथें पडलें, बसतें झालें, रांगूं लागलें, कशाला तरी धरून उभें राहिलें; प्रत्येक वेळीं घरांत दवंडी पिटली जाते. शेजारणीला हांक मारून आणतात, आणि ती आली कीं मूल नेमकें तें सोडून दुसरेंच कांहीं तरी करून दाखवितें. आपल्या पूर्वजांनीं या कौतुकाला एक वेळापत्रकच घालून दिलें आहे. बाराव्या दिवशीं बारसें; मुलगा असेल तर सहाव्या-आठव्या आणि मुलगी असेल तर पांचव्या-सातव्या महिन्यांत उष्टावण; पुढें जावळ; आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत बोरन्हाण. आमच्या थोरल्याचें बोरन्हाण मला चांगलें आठवतें. काळें झबलें, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यांत हलव्याचा हार, हातांत हलव्याची बासरी, असा तो बालकृष्ण पाटावर बसविला; आणि बोरें, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे व उसाचे करवे यांचा वर्षाव त्याच्या मस्तकावर झाला. जमलेल्या मुलांनीं त्या मेव्यावर झडप घातली. ज्याच्या कौतुकासाठीं हा सारा खटाटोप, त्या उत्सवमूर्तीनें मात्र एक बोर नाकावर बसल्याबरोबर जो टाहो फोडला, तो हलव्याची बासरी त्याच्याच तोंडांत कोंबल्यावर थांबला.

थोरल्याच्या जन्मापासून मीं एक वही ठेविली आहे. तींत हीं सर्व कौतुकें दिनांकवार टिपून ठेवतों. मोठेपणीं कोणालाही आपल्या पहिल्या दोन-तीन वर्षांचें कांहीं आठवत नाहीं. ज्या काळांत माणूस बोलावयास, चालावयास आणि हंसावयास शिकतो, नेमका तोच काळ त्याच्या स्मृतींतून धुऊन जातो. तेव्हां तेवढा काळ त्याच्यासाठीं जपून ठेवण्याचें काम आईबापांकडे येतें. सज्ञान झाल्यावर हवाली करावयाची ही ठेव आहे, अशा भावनेनें मी ही वही लिहितों. या कामीं मला एक थोर सोबती लाभला आहे. चार्ल्स डार्विननें १८३९ च्या डिसेंबरांत जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या बाललीला अशाच टिपून ठेविल्या होत्या, आणि सदतीस वर्षांनंतर, १८७७ सालीं, ‘माइंड’ या त्रैमासिकांत त्या प्रसिद्ध केल्या. साडेचार महिन्यांचा असतां तो मुलगा आरशांत स्वतःचें व बापाचें प्रतिबिंब पाहून हंसे. आणि बरोबर वर्षाचा झाला तेव्हां त्यानें अन्नासाठीं आपला आपण एक शब्द तयार केला. तो शब्द ‘मम’! हें वाचलें तेव्हां मी खुर्चींतून उठलों आणि ही वार्ता सांगावयास स्वयंपाकघरांत गेलों. लंडनमधल्या त्या शास्त्रज्ञाच्या घरांत पावणेदोनशें वर्षांहूनही पूर्वीं जी मागणी झाली, तीच आमच्या पुण्याच्या घरांत पाटावर थापट्या मारीत रोज होत होती. पत्नीनें वरणभात कालवीत शांतपणें उत्तर दिलें, "भुकेला काय इंग्रजी आणि काय मराठी!"

पहिला शब्द कोणता, हा मात्र आमच्या घरांतला न मिटलेला वाद आहे. थोरला प्रथम ‘बाबा’ म्हणाला, असा माझा दावा. तो नुसतें ‘बाब्बा’ म्हणाला आणि तेंही खिडकींतल्या पारव्याला उद्देशून, असा प्रतिपक्षाचा पुरावा. रोमान याकोबसन या भाषापंडितानें १९६० च्या सुमारास एक निबंध लिहून, जगांतल्या इतक्या भाषांतून आईबापांचीं नांवें एकमेकांसारखीं कां, याचा उलगडा केला आहे. ओंठ मिटून उघडले कीं म, प, ब हे वर्ण सहज होतात. मुलाला ते सोपे, म्हणून तें ते आधीं काढतें. आणि भोंवतालचीं मोठीं माणसें हावरेपणानें ते आपल्याकडे ओढून घेतात. म्हणजे ‘बाबा’ ही पदवी मला चिरंजीवांनीं दिलेली नसून ओंठांच्या सोयीनें मिळालेली आहे. हा निबंध मीं घरांत कोणाला दाखविलेला नाहीं. आपल्या मराठींतली ‘आई’ मात्र या नियमाला बगल देऊन नुसत्या दोन स्वरांवर उभी आहे. ओंठांची मदतसुद्धां तिनें मागितलेली नाहीं.

गेल्या श्रावणांत थोरल्याचा पहिला दुधाचा दांत पडला. माझी आई आमच्याकडेच असते. तिनें सांगितलें, "दांत कौलांवर फेंक. उंदीरमामा तो नेईल आणि तुला आपल्यासारखा बारीक, टणक दांत देईल." परंतु चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानें कौलें कोठून आणावीं? वर गच्चीवर सगळे पाणी तापविण्याचे बंब. त्यांवर दांत फेंकावा तर उंदराचे पाय भाजावयाचे. अखेर गॅलरींतल्या तुळशीच्या कुंडींत तो पुरावा, असा निकाल आजीनें दिला. दांत पुरून झाल्यावर चिरंजीवांनीं विचारलें, "पण आजी, उंदीरमामा चौथ्या मजल्यावर लिफ्टनें येणार कीं जिन्यानें?" या प्रश्नाचा निकाल लागावयाचा आहे. दांत मात्र रीतसर उगवला.

हें सर्व कौतुक गोड खरें. परंतु त्याच्या पोटांत एक कांटा असतो. दगड जवळजवळ आले कीं माणूस अंतरें मोजूं लागतो, आणि मोजूं लागला कीं शेजाऱ्याच्या मुलाशीं तुलना करूं लागतो. हा कांटा आमच्या धाकटीच्या वेळीं आम्हांला बोंचला. ती सोळा महिन्यांची झाली तरी चालेना. मोठ्या ऐटीनें मांडी घालून बसे, बसल्या जागीं सरके, हवें तें बोटानें दाखवी आणि तें हातीं येईपर्यंत राज्ञीच्या गांभीर्यानें वाट पाही. समोरच्या बिऱ्हाडांतला मुलगा दहाव्या महिन्यांत चालूं लागला होता, आणि तो रोज आमच्या दारावरून पावलें वाजवीत जाई. माळ्यावरचा लांकडी पांगुळगाडा खालीं आला. कोणी तेल बदलावयास सांगितलें, कोणी उन्हांत बसवावयास, कोणी नवस. डॉक्टरांनीं तपासून सर्व ठीक असल्याचें सांगितलें, तरी पत्नीला रात्रीं झोंप लागेना. मी कागदांत आधार शोधूं लागलों. जागतिक आरोग्य संघटनेनें घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पांच देशांतल्या निरोगी मुलांचें निरीक्षण करून २००६ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत एकटें चालूं लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. शेंकडा चारांहून किंचित् अधिक मुलें तर हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. हे आंकडे मीं मोठ्यानें वाचून दाखविले. पत्नीनें मनांतल्या मनांत सतरापूर्णांकसहादशांशांतून सोळा वजा केले, आणि तिची काळजी तेवढ्यापुरती वाढली.

या सगळ्या धांदलींत एकच माणूस स्वस्थ होतें. आई भाजी निवडीत बसली होती. धाकटी तिच्यासमोर बसून मेथीचीं पानें एकेक करून जमिनीवर ठेवीत होती. आई म्हणाली, "अरे, बसली आहे ना आपल्यासमोर? मग बसूं दे कीं."

हें वाक्य तिच्या तोंडीं काय अर्थानें आलें, हें समजावयाला तिच्या कपाटांतली एक वाटी ठाऊक असली पाहिजे. चांदीची लहानशी वाटी, कांठाला एके ठिकाणीं पोंचा आलेला. माझ्या उष्टावणाची खीर त्या वाटींतली, आणि माझ्या दोन्ही मुलांच्या उष्टावणाचीही. परंतु ती घेतली होती ती आमच्यापैकीं कोणासाठीं नव्हे. माझ्या जन्माच्या कितीतरी वर्षें आधीं आईला एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यांत तिचें उष्टावण झालें; ती बसूं लागली; तिला खालचे दोन दांत आले. १९७४ च्या उन्हाळ्यांत, नववा महिना चालू असतां, तिला जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत सर्व आटोपलें. जुलाब होत असतां मुलाला पाणी देऊं नये, पाण्यानें ते वाढतात, अशी त्या काळीं घरोघर समजूत होती, आणि चार जाणत्या बायकाही तेंच सांगत. आई हें एकदांच बोलली, आणि तेंही एवढेंच कीं, "ती वाटीकडे बघत होती."

या घटनेच्या तीनच वर्षें आधीं, १९७१ सालीं, बंगालमध्यें बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ पसरली होती. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यांत विरघळवून तें रोग्यांना त्यांच्याच घरच्या माणसांच्या हातून पाजविलें, आणि हजारों जीव वांचविले. तें ज्ञान छावणीहून खेड्यांतल्या चुलीपर्यंत पोंचावयाला पुढें अनेक वर्षें लागलीं. आज तेंच औषध पुडींत बांधलेलें आमच्या फळीवर पडून असतें, आणि त्याच्याकडे आम्ही हळदीच्या डब्याइतकेंही लक्ष देत नाहीं. १९७१ सालीं भारतांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० सालीं हा आंकडा २८ वर आला. अठ्ठावीस घरें म्हणजे कांहीं थोडीं घरें नव्हेत. तरीही एका आंकड्यांतून दुसरा वजा केला म्हणजे हजारीं १०१ मुलें उरतात, जीं आज कोणाच्या तरी समोर बसून मेथीचीं पानें विस्कटीत आहेत. आंकडेशास्त्रांत इतकी आनंदाची वजाबाकी मला तरी दुसरी ठाऊक नाहीं.

तेव्हांपासून बारसें, उष्टावण, बोरन्हाण या सोहळ्यांकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. आईच्या पिढीला ते ‘मूल इथवर आपल्याजवळ राहिलें’ म्हणून करावयाचे असत. त्या पेढ्यांत साखरेहून कृतज्ञता अधिक असे, आणि त्या कृतज्ञतेखालीं भय असे. आमच्या पिढीच्या वांट्याला तें भय पुष्कळ कमी आलें. म्हणून त्याच सोहळ्याची दुसरी बाजू आम्हांला दिसूं लागली. जरा विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, मुलाची प्रत्येक प्रगति त्याला आपल्यापासून थोडें दूर नेते. पहिला घांस घेतला कीं तें आईच्या दुधापासून एक घांस दूर जातें. पहिलें पाऊल टाकलें कीं मांडीपासून एक पाऊल. आणि शाळेच्या पहिल्या दिवशीं तर आमचा थोरला दारांत आमचा हात सोडून, मागें वळूनही न पाहतां, आंत निघून गेला. इतर मुलें रडत होतीं. त्यांच्या आयांचा मला क्षणभर हेवा वाटला. असें असूनही आपण पेढे वांटतों! दूर जाणाऱ्याला अडवून न धरतां त्याच्या हातावर गोड ठेवून त्याला जाऊं देणें, ही संमति देण्याची सवय व्हावी म्हणूनच बहुधा हे लहान लहान सोहळे लागोपाठ येत असावेत. मोठा निरोप एकदम देणें कोणत्या आईबापांना झेपलें असतें?

रस्त्यावरच्या दगडालाही दोन बाजू असतात. एका बाजूवर एका गांवाचें अंतर, दुसऱ्या बाजूवर दुसऱ्या गांवाचें. आणि जाणाऱ्याला त्यांतली एकच बाजू समोर दिसते. धाकटी चालली तो दिवस मीं या दोन बाजूंच्या मध्यें बसून पाहिला. सतरावा महिना संपावयाला चार दिवस होते. संध्याकाळची वेळ. ती माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. पलीकडे आई वाती वळीत बसली होती. आईच्या हातांतला कापूस हवा म्हणून कीं काय, पोरीनें माझा गुडघा सोडला आणि एक, दोन, तीन, चार पावलें टाकून ती आजीच्या मांडीवर कोसळली. सर्व मिळून दोन हातांचें अंतर. परंतु मला या साऱ्या प्रवासांत दिसली ती तिची पाठ. आणि आईला दिसलें तें तिचें तोंड. मी तिला जातांना पाहिलें, आईनें तिला येतांना पाहिलें. आईच्या मांडीवर तशी कोणी चालत यावयाची राहिलीच होती. आईनें तिला जवळ घेतलें, कापूस तिच्या मुठींत दिला आणि त्या दिवशीं देवाजवळ दिवा लागावयाला थोडा उशीर झाला.

रात्रीं मीं तें सर्व वहींत लिहिलें. मागच्या महिन्यांत आई म्हणाली, "त्या वहींत काय लिहितोस, एकदां वाचून तरी दाखव." मीं पहिला दांत वाचला, पहिला शब्द वाचला, पहिलें पाऊल वाचलें. ती ऐकत होती. मग तिनें विचारलें, "आणि मधल्या दिवशीं काय झालें?"

"मधलीं पानें रिकामींच म्हणावयाचीं," मीं सांगितलें. "त्यांवर ‘विशेष कांहीं नाहीं’ एवढेंच लिहिलें आहे."

"मग तें वाच कीं."

मीं वहीचीं पानें उलटलीं. सोमवार, विशेष कांहीं नाहीं. मंगळवार, विशेष कांहीं नाहीं. बुधवार, धाकटीनें वरण सांडलें, विशेष कांहीं नाहीं. गुरुवार, थोरल्यानें जोडे उलटे घातले व ते तसेच बरे आहेत असा हट्ट धरला, विशेष कांहीं नाहीं. अशीं दहा-बारा पानें मीं ओळीनें वाचलीं. आईच्या चेहऱ्यावर, आवडीचें कीर्तन ऐकतांना दिसतें तसें समाधान दिसत होतें. १९७४ च्या त्या उन्हाळ्यांत असें एक पान मिळावें म्हणून तिनें काय दिलें नसतें? मीं वाचावयाचें थांबविलें तेव्हां ती म्हणाली, "वाच रे, थांबलास कां?"

आंत धाकटीला जेववावयाचें चाललें होतें आणि एक घांस काऊचा, एक चिऊचा, असें करीत तो भात निम्म्यावर आला होता. थोरला तुळशीच्या कुंडींत काडी खुपसून, दांत अजून तेथें आहे कीं कोणी नेला, याचा तपास करीत होता. मीं पुढचें पान उलटलें आणि वाचावयास सुरुवात केली.